तात्यांनी पारखलेली फटफटी

माझ्या थोरल्या चुलत्यांना, म्हणजे तात्यांना, बैल लांबून कळायचा. लांबून म्हणजे किती? ते इस्लामपूरच्या बाजारात उभे असायचे, बैल अजून आष्ट्याच्या ओढ्यात पाणी पीत असायचा, आणि तात्या म्हणायचे, "मागला डावा पाय आखडतोय." यातलं आष्टा माझं, बाकी सगळं खरं. माझ्या बोलण्यात असा वरचा माल येतोच, वाचणाऱ्यानं तो आपला आपण वजा करावा. पण या हकिकतीत एक जागा अशी आहे की तिथं वजा करायला काही नाही. तिथवर जायला मी फेरा घेणार आहे. लाजलेला माणूस सडकेनं जात नाही, बांधाबांधानं जातो.

पंचक्रोशीत कुणाला बैल घ्यायचा झाला की तो आधी आमच्या सोप्यात येऊन बसायचा. तात्या दलाली घेत नसत. बाजारात जायचे, जनावराभोवती फिरायचे, जबडा उघडून दात बघायचे, वशिंड दाबायचे, चार पावलं चालवायचे आणि सगळं मनासारखं असलं तर शेवटी बैलाच्या पाठीवर हात ठेवायचे. हात पडला की घेणारा डोळे झाकून कासरा धरायचा. बैल विकणारे हेडे म्हणजे चाबरी जात. म्हाताऱ्या बैलाची शिंगं तासून तेल लावतील, मरगळलेल्याला दारू पाजून नाचवतील, दात कानशीनं घासतील. पण तात्यांचा पटका दिसला की ते आपली जनावरं बाजाराच्या दुसऱ्या टोकाला हाकायचे. ऊस, मोट, पलटणीतून येणारी मनीऑर्डर, हे गावात बऱ्याच घरांत होतं. तो हात फक्त आमच्या घरात होता.

जर्मन-जपानची लढाई नुकतीच संपली होती. लष्करानं काढून टाकलेला माल गावोगाव विकायला आला होता: तंबू, बूट, पाण्याच्या पिशव्या आणि फटफट्या. पलटणीतून सुट्टीवर आलेल्या एका दोस्तानं मला मलकापूरच्या माळावर फटफटी चालवायला शिकवली होती, म्हणजे चालवायला आणि पडायला. त्या दिवसापासून मला दुसरं काही दिसेना. दोस्त एवढं बोलला होता, "घेशील तवा कमी मैल चाललेली बघ गड्या." मी ते ऐकलं होतं. हे इथंच सांगून टाकतो.

घरात तात्यांच्या शब्दाबाहेर सुई येत नव्हती. मी महिनाभर त्यांच्या मागं लागलो. शेवटी ते म्हणाले, "घिऊ. पन जनावर मी बघून घीन."

"आवं तात्या, ते जनावर न्हाई."

"खातंय का काय?"

"पेट्रोल पितंय."

"वरडतंय?"

"वरडतंय की."

"मनात आलं न्हाई तर वाटंत बसतंय?"

"बसतंय म्हनत्यात."

"मग काय ऱ्हायलं? शेन तेवढं टाकत न्हाई."

तात्या फटफटी पारखायला सांगलीला निघालेत, ही बातमी आमच्या आधी वेशीबाहेर पडली. पारावर बसलेले म्हातारे हसून हसून खोकू लागले. एक जण ओरडला, "तात्या, दात बघून घ्या बरं!" तात्या हसले नाहीत. तिथंच थांबले आणि म्हणाले, "हात ठिवल्याबिगर आननार न्हाई." झालं. आता ती फटफटी माझी राहिली नाही. ती तात्यांच्या हाताखालची झाली.

सांगली तेव्हा संस्थानात, आमचं गाव सातारा जिल्ह्यात, त्यामुळं आम्ही परमुलखात चाललो आहोत अशा थाटात मी नवा सदरा घातला होता. मिरजेच्या रस्त्याला एका व्यापाऱ्याचं आवार होतं, शेजारी लाकडाची वखार. तीन फटफट्या ओळीनं उभ्या होत्या. व्यापारी पानानं तोंड भरून बसला होता.

तात्यांनी उपरणं कमरेला बांधलं आणि सुरुवात केली. पहिल्या फटफटीला पुढून प्रदक्षिणा, मग मागून. बसायची गादी वशिंडासारखी दाबली. चाक खुरासारखं उचलून बघायचा प्रयत्न केला. खाली वाकून पोट बघितलं. मग तिच्यासमोर उकिडवे बसून दिव्यात टक लावून बघत राहिले. बैलाच्या डोळ्यात फूल पडलंय का, ते असं बघतात. तोवर वखारीतले कामगार करवती ठेवून कुंपणाला आले होते. कॉलेजात जाणारी चार पोरं सायकली टेकवून उभी राहिली. एकानं दुसऱ्याला विचारलं, "हे शिंगं शोधतायत का रे?"

मी दोन पावलं बाजूला सरकलो. मग आणखी दोन. शेवटी मी असा उभा होतो की बघणाऱ्याला वाटावं, हा पोरगा कुणाचा तरी वेगळाच आहे, फार तर वाट चुकून आलाय.

तेवढ्यात तात्यांनी मीटर बघितलं. "हे काय?"

व्यापारी म्हणाला, "आजवर किती मैल चालली, त्याचा आकडा."

तात्यांनी तिन्ही मीटर माझ्याकडून वाचून घेतले. पहिल्या दोन्ही बेताच्या चाललेल्या. तिसरीच्या मीटरवर आकडे असे दाटीवाटीनं बसले होते की जत्रेतली माणसं बरी. एवढ्या मैलांत ती काशीला जाऊन, सगळ्या तीर्थांत बुडून, वर लंका बघून आली असती. व्यापारी म्हणू लागला, "ही जरा जास्तच..."

"म्हंजे ही सगळ्यांत लय चाललीया?" तात्यांचे डोळे चमकले.

व्यापाऱ्यानं राहिलेलं वाक्य पानाबरोबर गिळलं. "होय."

"आन अजून चालतीया?"

"चालते की!"

तात्या माझ्याकडं वळले, मी सापडेपर्यंत इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाले, "हितं ये की, लांब का हुबा ऱ्हातोस? बघ. बसून खाल्लेलं जनावर कवा घिऊ ने. ह्या दोघी दावणीला बांधून खाल्लेल्या. ही रस्त्याची हाय. रस्त्याचा बैल कवा बसत न्हाई."

दोस्ताचं बोलणं माझ्या ओठांवर आलं होतं. पण आमच्याकडं रीत अशी की थोरल्यानं सौदा धरला की धाकट्यानं मध्ये तोंड घालायचं नाही. ही रीत मी जन्मात त्या एकाच दिवशी पाळली. का पाळली, तेही सांगतो. तिसरीला नवा हिरवा रंग दिला होता आणि ती ऊन खाऊन अशी चकाकत होती की बाकीच्या दोघी तिच्या मोलकरणी वाटाव्यात.

व्यापाऱ्यानं ती चालू करून दाखवली. आवाज म्हणाल तर गुळाच्या काहिलीसारखा, बुडबुड, बुडबुड, जाड आणि गोड. तात्यांनी डोळे मिटून ऐकला. "छाती मोकळी हाय."

मग भाव. बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. कापडाखाली दोघांनी हात धरायचे आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. बघ्यांना कळत नाही, कुणाची अब्रू जात नाही. तात्यांनी उपरणं पसरलं आणि खालून व्यापाऱ्याचा हात पकडला. तो दचकला. "अहो, हे काय! हात सोडा!"

"बोटं आवळा की."

"अहो, मला गुदगुल्या होतात! भाव तोंडानं सांगतो ना!"

"तोंडानं? चारचौघांत?" तात्यांना मनापासून लाज वाटली, त्याच्यासाठी. कॉलेजची पोरं सायकलींवर आडवी झाली होती. मी टोपी इतकी पुढं ओढली की मला फक्त माझ्या वहाणा दिसत होत्या. भाव ठरला कसा ते मी बघितलंच नाही. वर बघितलं तेव्हा तात्यांचा हात हिरव्या टाकीवर होता, पंजा पूर्ण उघडा, पोळ्याच्या-बेंदराच्या बैलावर ठेवावा तसा.

परतताना मी पुढं, तात्या मागं, पटका सोडून कमरेला आवळलेला. आष्ट्यापर्यंत ती अशी आली की वाऱ्याला मागं वळून बघावं लागत होतं. वाटेतल्या गाड्यांचे बैल तात्या मोठ्यानं पारखत होते. "ह्यो उजवा चांगला! ह्यो डावा आळशी!" आष्टा सोडलं आणि तिचा आवाज बदलला. आधी खोकला आला, मग जात्यात खडे पडल्यासारखी घरघर, मग कुणी पत्र्याची भांडी जिन्यावरून सोडल्यासारखा खणखणाट, आणि मग काहीच नाही.

तात्या उतरले. "दम लागला आसंल. सावलीला घे."

चिंचेखाली आम्ही तिला दम खाऊ दिला. तात्यांनी तिच्या बुडाखालचा दगड पायानं बाजूला केला, बसायला टोचू नये म्हणून. मग आम्ही ढकलत इस्लामपूर गाठलं. ऊन असं होतं की माझी सावलीसुद्धा मला सोडून झाडाखाली बसली.

इस्लामपूरला विहिरींची ऑइल इंजिनं दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता. अंगानं रेडा, आवाजानं दोन रेडे. फटफटी त्यानं आधी कधी उघडली नव्हती, पण "इंजिन म्हंजे इंजिन, म्हशीचं काय आन गाईचं काय," म्हणत त्यानं पाना लावला. गिअरची पेटी उघडली आणि आत हात घालून मूठभर काहीतरी बाहेर काढलं. ग्रीसमध्ये मळलेला लाकडाचा भुसा.

"आयला! शिदोरी बांधून दिल्याली दिसतीया!" मिस्त्री गदागदा हसला. "आवं तात्या, चाकं झिजली की वाजत्यात. मग भुसा कोंबायचा. धा-पंधरा मैल लोन्यावानी जाती. आतली चाकं बघा, एकाला धड दाता न्हाई."

तात्या खाली बसले. त्यांनी त्या भुशाची चिमूट घेतली, बोटांत चोळली, नाकाशी नेली.

"बाभळीचा हाय," ते म्हणाले.

मिस्त्री हसायचा थांबला.

"हिला बी दात असत्यात व्हय," तात्या म्हणाले. "तोंड उघडून बघाया पायजे हुतं. तोंड कुठं असतंय ते ठावं नव्हतं."

मी म्हणालो, "तात्या, लष्करात असं घालत्यातच. थंडीत चालावी म्हनून." आयुष्यात इतकी वाईट बात मी कधी मारली नव्हती. तात्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं, हे त्यांचे उपकार. मिस्त्री म्हणाला, चला, त्या व्यापाऱ्याच्या उरावर बसू. तात्यांनी मान हलवली. हात ठेवलेलं जनावर माघारी न्यायचं नसतं.

मग दुरुस्ती. मिस्त्रीनं कुठून तरी भंगारातली चाकं आणून कानशीनं घासून बसवली. पट्टा पिठाच्या गिरणीचा, दिवा सायकलीचा, गादी तिथल्याच एका चांभारानं जुन्या मोटेच्या चामड्याची शिवली, आत काथ्या. पेट्रोल कुपनावर मिळायचं म्हणून त्यात रॉकेल. एक नळकांडं उरलं, ते कुठलं ते मिस्त्रीला शेवटपर्यंत कळलं नाही. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या घरी, देवाम्होरं ठिवा." ती चालू लागली. चालू लागली म्हणजे उतारावर उत्तम, सपाटीवर तिच्या मर्जीनं, चढावर आपण आणि ती, दोघांनी मिळून.

गावात शिरलो तो उसाच्या कडेनं. बेचाळीसच्या चळवळीचे दिवस ताजे होते. फटफटीचा आवाज म्हणजे पोलीस, हे लोकांच्या हाडात बसलेलं. आम्हाला ऐकून निम्मं गाव उसात शिरलं. तात्यांनी पटका उंच करून ओरडून ओरडून माणसं बाहेर काढली. सगळे पारावर जमले, अंगाला उसाची कुसं लागलेली, आणि विचारू लागले, "तात्या, कशी हाय?"

तात्या वाकून पायताणाचा अंगठा सारखा करू लागले. तो अंगठा सारखाच होता.

मग मीच तोंड उघडलं. "कशी हाय? इचारू नगा! पुन्याची मेल म्हागं टाकली हिनं!"

एवढंच बोलायचं होतं. पण लोकांनी "आं!" केलं, आणि तो "आं" माझ्या अंगात दारूसारखा चढला. दुसऱ्या दिवशी मी साताऱ्याला जाऊन दूध नासायच्या आत परत आलो होतो. आठवड्यात कराडच्या पुलावरून असा आलो की कृष्णा आणि कोयना बाजूला झाल्या. पंधरवड्यात एक गोरा साहेब मला आडवा आला, त्यानं टोपी काढून विचारलं, ही कुणी पारखली, आणि मी छाती काढून सांगितलं, माझ्या तात्यांनी. लोक टाळ्या द्यायचे. चहा कुणाचा तरी असायचाच.

खरी गोष्ट अशी की फटफटी शेजारच्या पेठ गावापर्यंत जायची आणि तिथं बसायची. मग मी बैलगाडी मिळवून, तिला आडवी टाकून, वर जनावरांना घालायचं उसाचं वाडं पसरून घरी आणायचो. कुणी विचारलं तर म्हणायचो, वैरण आहे. वैरणीतून हँडल बाहेर डोकवायचं. पुढं पुढं तात्या न सांगता आमची बैलजोडी पेठेच्या रस्त्याला पाठवून द्यायचे.  बाजाराला जायचे, पण आता बैलाच्या पाठीवर हात ठेवण्याआधी ते हाताकडे बघायचे. मला ते दिसायचं. दिसलं की मी आणखी मोठी बात सांगायचो.

बात किती लांब जाते, याचा मला अंदाज नव्हता. एके सकाळी कराडाकडच्या गावातले एक पेन्शनर सुभेदार आमच्या दारात गाडी सोडून उतरले. मिशा तेल लावलेल्या, पाठ बंदुकीच्या नळीसारखी. म्हणाले, "तात्या, तुमचं नाव ऐकून आलो. मला बी फटफटी घ्यायची हाय. पेन्शनीचं साठवल्यालं सगळं बरुबर आनलंय. त्याच सांगलीच्या व्यापाऱ्याकडं चलायचं. तुमी हात ठिवा, मी घेतो."

सोपा भरला. कुणी तरी मला ढकललं, "सांग की रं, सायबाची गोष्ट सांग!" आणि मी सुरू झालो. देवाशपथ सांगतो, मी सुरू झालो. साहेबानं टोपी काढली, नद्या बाजूला झाल्या, सुभेदार मांडीवर थापट्या मारत होते, चुलती आतून चहाच्या बश्या आणत होती. मी मेल मागं टाकतच होतो, तेवढ्यात तात्या म्हणाले, "सुभेदार, त्या व्यापाऱ्याकडं जाऊ नगा."

"का वं?"

"मी फसलो. म्हातारी निघाली. दात न्हाईत, भुसा भरल्याला. पेठंच्या फुडं जात न्हाई. गाडीत घालून आनतो आमी, वाड्याखाली झाकून."

 बाहेर सुभेदारांच्या बैलाची घुंगरं तेवढी वाजत होती. पारावरचा तो म्हातारा, ज्यानं दात बघा म्हटलं होतं, तो दाराशीच बसला होता. त्यानं मान खाली घातली. तो हसला असता तर बरं झालं असतं.

सुभेदारांनी बोट माझ्याकडं केलं. "मग ह्ये पोरगं सांगत हुतं ते?"

आता माझ्यावर आली, म्हणून मी भिंतीला टेकलो. पण तात्याच पुन्हा बोलले. "त्येला बोल लावू नगा. पोरगं माझी अब्रू झाकत हुतं. जलमात खोटं बोललं नसतं, माझ्यापायी लबाड झालं. दोस माझा हाय."

माझ्यापायी! तात्यांपायी! पाळण्यात होतो तेव्हापासून मी बाता मारतोय. शाळेला दांडी मारून पूर आलाय म्हणून सांगणारा मी, आणि पूर कधी, तर माघात. मेल मागं टाकली ती तात्यांसाठी नव्हे, लोकांच्या "आं"साठी टाकली. अब्रू झाकायची होती ती पहिल्या दिवशी, पारावर, एका वाक्यापुरती. पुढचं सगळं माझं, माझ्या जिभेचं, हौसेचं. ते सांगायला मला एक घटका मिळाली होती. सगळे माझ्याकडं बघत होते. इतका वेळ धो धो वाहणारं माझं तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं.

सुभेदारांना ते भरून आल्यासारखं दिसलं. ते उठले, माझ्यापाशी आले आणि त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "चुलत्यासाठी एवढं? असा पुतन्या असावा," ते सगळ्यांना म्हणाले. सोपा हलला. एक जण म्हणाला, खरं हाय. दाराशी बसलेल्या म्हाताऱ्यानं डोळे पुसले. तात्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू जन्मभर ज्यांच्यावर हात ठेवला त्यातलं एक तरी जनावर खरं निघालं.

चुलती तेवढी दारात उभी होती. तिनं मला लहानपणापासून न्हाऊ-माखू घातलं होतं, माझ्या सगळ्या पुरांचं पाणी तिनं मोजलं होतं. ती पुढं आली, माझ्यापुढची चहाची भरली बशी उचलली आणि आत घेऊन गेली.